लिंबाची साक्ष

अर्धं लिंबू. पांढरा सदरा. धुण्याच्या साबणाची वडी. फ्रीजवर चिकटवलेली डॉक्टरांची चिठ्ठी : तिखट, तेलकट पूर्ण बंद.

“अहो, हा लाल डाग कुणाचा?” मोरीच्या दारात सदरा उंच धरून बायकोनं विचारलं. “एकसष्टाव्या वर्षी?”

रसायनशास्त्राचे निवृत्त सर घाबरले. मघाशी तो डाग पिवळा होता. तिच्या नजरेला पडू नये म्हणून त्यांनीच घाईघाईनं त्यावर साबण चोळला होता.

“अगं, लिपस्टिक नाही, हळद आहे! साबण लागला की ती लाल होते. रासायनिक बदल! आंबट लागलं की पुन्हा पिवळी.”

“दाखवा.”

सरांनी स्वयंपाकघरातून लिंबू आणून पिळलं. लाल डाग बघता बघता पिवळाधमक झाला. वर्गातसुद्धा हा प्रयोग कधी इतका सुरेख जमला नव्हता. त्यांनी विजयी मुद्रेनं बायकोकडे पाहिलं. “पटलं?”

“पटलं हो. हळदच आहे.” तिनं सदऱ्याची शांतपणे घडी घातली. “आता सांगा, मिसळ कुठे खाल्लीत?”

सरांनी हातातली लिंबाची साल हळूच पाठीमागे लपवली.

दुपारी घरी तर नुसता दहीभात होता.