तिसऱ्या दाराची किनार

"हे लाकूड नाही, ही लापशी आहे," उस्ताद ब्रोनिस्वाव म्हणाले आणि त्यांनी कपाटावर टिचकी मारली. "भुशाची लापशी, डिंक घालून वाळवलेली. पावसात ठेव, चमच्यानं खाता येईल."

त्यांची मुलगी किंगा पेल्यांत चहा ओतत होती. तिच्या स्वयंपाकघरात तीन कपाटं ओळीनं उभी होती. स्वस्तातली, खोक्यातून सुटी आणून घरीच स्क्रू पिळून जोडलेली. तिन्ही दवाखान्यात असतात तशी पांढरीफटक. पण किंगानं प्रत्येक दाराचा मधला भाग करवतीनं कापून काढला होता आणि तिथे विलोच्या झाडाच्या सोललेल्या, लवचीक काड्यांची वीण बसवली होती. डोंगरातल्या एका अतिथीगृहाला अशी चाळीस कपाटं हवी होती. ही तीन नमुन्याची.

सान नावाच्या नदीकाठच्या त्या गावात विलो विणणारे आता मोजकेच उरले होते. त्यांत आपला नंबर पहिला, याबद्दल उस्तादांच्या मनात शंका नव्हती. त्यांना टोपल्यांसाठी पदक मिळालं होतं. ते देताना मंत्र्यांनी त्यांच्याशी हात मिळवला होता. तेव्हापासून त्या हाताला घरातलं कुठलंही काम शोभेनासं झालं होतं. आताही खसखशीचा केक त्यांची बायको गेनोवेफाच कापत होती, आणि तुकडा लहान झाला म्हणून ते तिला दोनदा बोलून झाले होते.

ते पहिल्या दारापाशी वाकले. "हे कुणी विणलं? कोंबडीनं?"

"मी," किंगा म्हणाली.

"मग कोंबडीची माफी मागतो. आणि हे दुसरं?"

"तेही मीच. महिनाभरानं."

"प्रगती आहे. कोंबडीला आता चष्मा लागलाय."

तिसऱ्या दारापाशी मात्र खिशातून चष्मा काढून ते गुडघ्यांवर बसले. वीण घट्ट होती, सरळ होती. पण तशी इतरांनाही जमते. खरी करामत किनारीला होती. पाच काड्यांची वेणी चारही बाजूंनी फिरून आली होती, आणि ती कुठे सुरू झाली, कुठे संपली, ते बोट फिरवूनही कळत नव्हतं.

"ही माझी आहे," उस्ताद म्हणाले. "माझ्या जुन्या मालातून उचललीस ना? अशी वेणी या जिल्ह्यात दुसरं कोणी घालत नाही. पदक काय उगाच मिळालं?"

"अतिथीगृहवाल्यांना हेच दार आवडलंय," किंगा म्हणाली. "चाळीसही अशीच हवीत त्यांना."

"आवडणारच. मग ठरलं, सोमवारपासून येतो. आठला नाही, नऊला. कॉफी कडक लागते मला. आणि या लापशीवर चादर टाकत जा, नजर खराब होते."

"बाबा, या कामाचं मी आईला विचारलंय. ती हो म्हणालीय."

उस्ताद हसले. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "आईला! अगं, बेचाळीस वर्षं हिनं माझ्या कारखान्यात सालं झाडली." ते बायकोकडे वळले. "गेनिया, तू विणणार? कशानं, केकच्या सुरीनं?"

गेनोवेफानं सुरी खाली ठेवली.

"ब्रोनेक, किनार घालून दाखव," ती नवऱ्याला म्हणाली.

"काय?"

"आणखी एक चौकट तयार आहे. काड्या भिजवलेल्या आहेत. बस आणि दाखव."

उस्तादांनी बाह्या सरसावल्या. त्यांचा हात चालायला लागला आणि किंगा बघत राहिली. हे मात्र खोटं नव्हतं. बोटं सत्तरीची होती, पण काडी त्यांच्या धाकात होती. मधला भाग बघता बघता भरला. "बघ, शीक," ते अधूनमधून म्हणत होते. "कोंबडीलाही दाखव."

मग कड आली. चारही बाजूंनी काड्यांची टोकं बाहेर आली होती. उस्तादांनी एक वाकवली, सोडली. दुसरी वाकवली, तीही सोडली.

"नीट भिजलेल्या नाहीत," ते म्हणाले. किंगानं दुसऱ्या काड्या आणून दिल्या. "या जाड आहेत." गेनोवेफानं बारीक निवडून दिल्या. "इथे उजेड कुठाय?" किंगानं पडदा बाजूला सारला. भर दुपारचं ऊन थेट त्यांच्या हातांवर पडलं, आणि ते हात नुसतेच मांडीवर ठेवलेले होते.

"रोज संध्याकाळी तू टोपल्या माझ्यापुढे आणून ठेवायचास," गेनोवेफा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "म्हणायचास, 'गेनिया, जरा कडा साफ कर.' मी साफ करायचे, पाच काड्यांची वेणी घालून. सकाळी तू त्या घेऊन जायचास. एकदाही विचारलं नाहीस, कशी करतेस म्हणून."

एखादा टोमणा येणार म्हणून किंगा वाट बघत होती. पण उस्तादांनी चौकटीकडे पाहिलं, बायकोच्या हातांकडे पाहिलं. मग ते उठले, बाजूचं स्टूल ओढून त्यावर बसले आणि आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"पहिली कुठली काडी वाकवायची?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

गेनोवेफानं ऐकू न आल्यासारखं केलं. त्यांना पुन्हा विचारावं लागलं, आणि या वेळी मुलीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.