गुंतवळ

कालवणातून हातभर लांब केस निघाला, तसं तात्यांनी ताट पुढं सारलं. आठवड्यातली ही तिसरी खेप.

"अगं, हे काय हाय?"

"केस हाय," फुलाबाई म्हणाल्या. "तुमच्या सुनेचा. माझं कुठं एवढं ऱ्हायल्यात?"

त्यांचा अंबाडा खरंच लिंबाएवढा होता. आत गॅसपाशी प्रगतीनं पदर आणखी पुढं ओढला. गोकुळला मात्र जेवताजेवता ठसका लागला आणि तो तांब्या घेऊन बाहेरच गेला. स्वतःच्या बायकोचे केस गळतायत आणि या पोराला काही सोयरसुतक नाही, याचा तात्यांना संताप आला.

सावळारामतात्या म्हणजे पणदऱ्यातले जुन्या चालीचे बागायतदार. सासऱ्यासमोर सुनेचा पदर बोटभर मागं सरकलेला त्यांना खपत नसे. तीन-साडेतीन महिन्यांपूर्वी प्रगतीला बारामतीच्या एका दवाखान्यात रक्त तपासायची नोकरी लागली, तेव्हा त्यांनी कागद वाचला आणि घडी घालून परत दिला. "आमच्या घरातली सून दुसऱ्याच्या दारात चाकरीला जाणार न्हाय." विषय संपला, असं त्यांना वाटलं.

मग केस सुरू झाले. मोरीत केस, चहात केस, वाळत घातलेल्या धोतरावर केस. फुलाबाई ते वेचायच्या, बोटाला गुंडाळायच्या आणि मागल्या दाराच्या खुंटीवरच्या पिशवीत कोंबायच्या. "केसवाली आली की एवढ्या गुंतवळीवर हंडा यील," म्हणायच्या. पदराखाली आता काय उरलं असेल, या विचारानं तात्यांना घास जाईना.

शेवटी दोघींना घेऊन ते स्वतः बारामतीला गेले. डॉक्टर बाई होती, म्हणून तात्या बाहेर लिंबाखाली बसले. अर्ध्या तासानं दोघी बाहेर आल्या. परतीच्या एसटीत फुलाबाईंनी सगळं सांगितलं.

"डॉक्टरीणबाई म्हणल्या, मनाला धक्का बसला म्हणून केस लगीच गळत न्हाईत. दोन-तीन महिन्यांनी गळाय लागत्यात. मुळं जित्ती असत्यात, परत येत्यात. डाळी, अंडी, पालेभाजी खायची, रगत वाढवायचं, झोपायचं. येणी ताणून घालायची न्हाय."

"मग घालू नको म्हणावं."

"पण मनावरचं ओझं उतरल्याबिगर काय उपेग न्हाय म्हणल्या. इचारत हुत्या, तीन महिन्याखाली घरात काय झालंतं?"

"मग? तू काय सांगितलंस?"

"काय सांगू? बसले गप."

तात्या खिडकीबाहेरचा ऊस बघत राहिले. बोटांवर महिने मोजले. पुन्हा मोजले. मोजणी काही बदलेना.

ज्या घरात कधी अंडं शिजलं नव्हतं, तिथं तात्यांनी स्वतः डझनभर अंडी आणली, तीही भर चौकातून, पिशवी न झाकता. पालक आला, मूग आले. पंधरा दिवस गेले. आणि एका सकाळी देवपूजेच्या ताम्हनातच केस सापडला. तात्यांनी तो उजेडात धरला. टोकाला तांबूस होता.

"रंगसुदिक उडाला पोरीच्या केसांचा," ते पुटपुटले.

तिथंच पाटावर बसून राहिले. तीस वर्षांपूर्वीचं आठवलं. फुलाबाईंची अंगणवाडीवर निवड झाली होती. तेव्हाही तात्याच नको म्हणाले होते. त्या साली फुलाबाईंची मनगटाएवढी वेणी करंगळीएवढी झाली. का झाली, हे कुणी विचारलं नव्हतं. त्या केसांवर केसवालीनं मोठा स्टीलचा डबा दिला आणि तात्यांनी हौसेनं त्यावर आपलं नाव कोरून घेतलं, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं होतं. आज पहिल्यांदा त्यांना त्याची लाज वाटली.

त्यांनी फळीकडे पाहिलं. डबा जागेवर नव्हता.

"शेजारच्या अक्काबाईनं नेलाय," फुलाबाई म्हणाल्या. "तिच्याकडं पावणं हायती."

तात्या उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. "प्रगती, ती जागा अजून रिकामी हाय का?"

"हाय, तात्या."

"मग उद्याच्या पयल्या एसटीनं जा. कोण काय बोलतंय ते मी बघतो."

बोलणारे बोललेच. दूध डेअरीवर सर्जेरावांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय तात्या, आता सुनेच्या पगारावर बसून खायाचा इचार दिसतोय?"

"खाईन की!" तात्या कडाडले. "माझी सून, माझं घर. तुझ्या का पोटात दुखतंय? तुझ्यापण सुनेला धाड, माझ्या प्रगतीसंगं!"

सर्जेराव किटली उचलून चालते झाले. आणि चमत्कार म्हणजे चार दिवसांत घरातले केस थांबले. चहात नाही, मोरीत नाही, कुठंच नाही. तात्या भेटेल त्याला सांगत सुटले, "गोळी न्हाय, इंजिक्शन न्हाय. माणसाचं मन मोकळं करावं लागतंय, समजलं का!" गोकुळला पुन्हा ठसका लागला.

महिन्याभरानं भर दुपारी दारात हाळी आली. "केसावर भांडंऽऽ!" फुलाबाई मळ्यात होत्या. तात्यांनी खुंटीवरची पिशवी काढली आणि ऐटीत केसवालीपुढं टाकली.

"घे. ह्ये शेवटचं. हितनं पुढं आमच्या घरात गुंतवळ मिळायची न्हाय."

केसवालीनं पिशवीत हात घातला, एक वेटोळं उजेडात धरलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"हसाय काय झालं?"

"तात्या, ह्ये परत नगा देऊ. आमचा सौदा झालाय." तिनं पाटीतली भांडी बाजूला केली आणि तळातला मोठा स्टीलचा डबा वर काढला. त्यावर तात्यांचं नाव होतं. "नाव बघून कुणी घीना झालंय, म्हणून हिंडवतीया. पर तुमच्या मालकिणीचं नवल बाई! केस दिऊन भांडं घेणाऱ्या लई बघितल्या, भांडं दिऊन केस मागणारी ही पयलीच."