बिनकांद्याचा चिपा गुआसू

फेलिसियानाने कणसाचं पान भट्टीत टाकलं. पडताक्षणी ते काळं झालं.

“अजून फार तापलीय. करपेल सगळं,” ती म्हणाली आणि भट्टीचं तोंड उघडं ठेवून परत घमेल्यापाशी येऊन बसली. रविवार होता, दहाची बस गाठायची होती. घमेल्यात चिपा गुआसूसाठी कोवळ्या मक्याचा कीस होता. अंडी, दूध, चुरलेलं चीज, डुकराची चरबी, सगळं पडलं होतं. कांदा तेवढा नव्हता.

“बिनकांद्याचा चिपा गुआसू!” तिची नणंद एपिफानिया फणकारली. “अख्ख्या पाराग्वेत फक्त आपल्या घरी. एकाच्या नखऱ्यापायी वीस वर्षं घरादाराने हे गुळमुळीत खायचं.”

“त्याला नाही आवडत कांदा, वन्सं.”

“माहितीये. एकेक काप वेचून ताटाच्या काठाला लावायचा, लाटसाहेब!” असं म्हणत तिने ट्रेला चरबीचा हात फिरवला.

लाटसाहेब अकरा आठवडे कोठडीत होता. शेतमजुरांची सभा भरवली, एवढाच आर्सेनियोचा गुन्हा. तेव्हापासून त्याची आई फेलिसियाना दर रविवारी ट्रे फडक्यात बांधून शहरातल्या ठाण्यावर जायची. शिपाई सुरीने चिपा भोसकून बघायचा, आत काही लपवलंय का म्हणून. मग आत घेऊन जायचा. भेट नाही, चिठ्ठी नाही. तासाभराने रिकामा ट्रे हातात पडायचा, बोटाने पुसून घेतल्यासारखा लख्ख. त्या लख्ख ट्रेवर ती पुढचा आठवडा काढायची. “खातोय म्हणजे आहे,” ती सगळ्यांना सांगायची. गावात कोणी उलट बोलत नसे.

कुंपणापाशी टाळ्या वाजल्या, पाहुणा हाकेऐवजी वाजवतो तशा. दारात एक माणूस उभा होता. नुसती हाडं, अंगावर दुसऱ्या कुणाचा तरी सदरा.

“मी लिबोरियो. आर्सेनियोच्या कोठडीत होतो. मंगळवारी सोडलं मला.”

फेलिसियाना ताडकन उठली. पिठाचे हात तिने तसेच झग्याला पुसले.

“ये रे बाबा, बैस. वन्सं, पाणी आणा. कसा आहे तो? खातो ना पोटभर?”

तो बसला नाही. टोपी चुरगाळत म्हणाला, “मावशी, तो नाहीये.”

“नाहीये म्हणजे? दुसरीकडे हलवला?”

“पहिल्याच आठवड्यात गेला. चौकशीला नेला होता. परत आणला तो अंगणापर्यंतच. आम्ही गजांतून बघितलं. घोंगडीत गुंडाळून ट्रकमध्ये टाकला. पाय बाहेर होते त्याचे.”

पुढे होऊन याचं तोंड दाबावं, असं फेलिसियानाला वाटलं. पण ती घमेल्यापाशी खाली बसली.

“खोटं बोलतोस मेल्या!” एपिफानिया किंचाळली. “गेल्या रविवारी ट्रे रिकामा आला! दर रविवारी आलाय!”

“आम्ही खाल्लं,” लिबोरियो म्हणाला. “कागदावर तो मेलेलाच नाही. तसं लिहिलं तर साहेबांना जाब द्यावा लागेल. म्हणून नाव यादीत तसंच आहे. दारावरचे शिपाई बदलतात, त्यांना तोंडं ठाऊक नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी एकाने पुकारलं, आर्सेनियो काब्राल! कोणी बोलेना. शिपायाच्या हातात हा ट्रे. वास आला, मावशी. मीच ओरडलो, हजर! सतरा जण होतो आम्ही. दोन-दोन बोटं आली वाट्याला. मग दर रविवारी मीच हजर म्हणत गेलो.”

“अरे, लाज नाही वाटली?” एपिफानिया त्याच्या अंगावर धावली. “माझ्या मेलेल्या भाच्याच्या नावाने गिळत होतास? आणि ही वेडी इथे मका किसत बसायची!”

“वाटते ना. म्हणून तर आलो. मारायचं तर मारा.”

एपिफानियाने हात उगारला खरा, पण त्या बरगड्यांवर मारायचं तरी कुठे? ती भिंतीला टेकून रडत बसली.

फेलिसियाना रडली नाही. मनात ती एकेक रविवार मागे जात होती. बसमध्ये मांडीवर ऊन ऊन ट्रे. परतीला तोच ट्रे छातीशी धरून झोपी जाणं. अकरातल्या दहा वेळा तिने मेलेल्या मुलासाठी कणसं निवडून आणली होती. घमेल्यातल्या पिठावर माशी बसली. तिने सवयीने ती हाकलली.

मग तिने विचारलं, “नाव मोठ्याने पुकारतात?”

“हो मावशी. शेवटच्या कोठडीपर्यंत ऐकू जातं.”

“तू तर सुटलास. आता हजर कोण म्हणणार?”

लिबोरियोने मान खाली घातली. “सुटायच्या आदल्या दिवशी मी एकाला सांगून ठेवलंय. सांदालियो म्हणून आहे, उत्तरेकडचा. तो कुठे आहे हे त्याच्या घरच्यांना माहीतच नाही. त्याला कोणी काही आणत नाही.”

“झालं! आता ह्यालाही पोसा!” एपिफानिया हुंदक्यातच म्हणाली. “वहिनी, विझव ती भट्टी.”

फेलिसियाना उठली. कणसाचं एक पान उचलून तिने भट्टीत टाकलं. ते जळलं नाही. कडेपासून हळूहळू सोनेरी होत गेलं. भट्टी आता हवी तेवढी निवली होती, आणि ती काही कुणासाठी थांबत नाही.

तिने तुळईला टांगलेल्या माळेतून दोन मोठे कांदे तोडले आणि लिबोरियोकडे वळली.

“त्या सांदालियोला कांदा चालतो ना रे?”