कानपिळी

श्रीरंगकाका कोणाच्याच लग्नाला जात नसत. मोबाईलवरून पाचशे एक रुपये आणि 'हार्दिक शुभेच्छा' पाठवून मोकळे होत. "काहून जायचं? बोलावं लागते, पेट्रोल लागते, तुला नवी साडी लागते. हे स्वस्तात होते," ते राजश्रीकाकूंना सांगत. त्यांचा मुलगा अंबरीश हे बघतच मोठा झाला, मग नोकरीसाठी इंदूरला गेला.

आज मदन महलच्या हॉलमध्ये त्याच्या बहिणीचं, चिन्मयीचं लग्न होतं. "गाडी लेट असेल," म्हणत काकू सकाळपासून दाराकडे बघून राहिल्या होत्या. कानपिळीची वेळ झाली. गुरुजी म्हणाले, "नवरीच्या भावाला बोलवा."

तेवढ्यात काकांच्या खिशातला मोबाईल वाजला.



अंबरीशकडून पाचशे एक रुपये. हार्दिक शुभेच्छा.