उत्तरानं नाव काढलं

“कारण काय लिहू जी?” नत्थूजींनी टाक दौतीत बुडवून विचारलं.

नत्थूजी कॉलेजच्या कचेरीतले जुने कारकून. त्यांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर गणपतराव बसले होते. त्यांची मुलगी उत्तरा मात्र बसायला तयार नव्हती.

“लग्न,” गणपतराव म्हणाले.

“वडिलांचा हुकूम, असं लिहा,” उत्तरा म्हणाली.

नत्थूजींचा टाक हवेतच थांबला.

इंटरची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. वर्गात ऐंशी मुलगे आणि तीन मुली. प्रोफेसर आले की त्यांच्या मागोमाग आत शिरायचं, बाजूच्या बाकावर बसायचं, आणि तास संपला की त्यांच्याच मागोमाग बाहेर पडायचं. दोन वर्षं उत्तरानं मान वर न करता हे केलं होतं आणि तर्कशास्त्रात त्या ऐंशीच्या ऐंशी मुलांना मागं टाकलं होतं.

गेल्या रविवारी मौदा गावचे जमीनदार, मालगुजार दादाजी सुभेदार, गणपतरावांच्या महाल मोहल्ल्यातल्या घरी येऊन गेले. मुलगा गिरिधर बी.ए. झालेला, म्हणाले. लग्न माघातच हवं. सून कॉलेजात जाणारी नको, परीक्षेपुरतीही नको. “आमच्या घरी एक बी.ए. पुरे,” असं म्हणून ते हसले, आणि गणपतरावही हसले. उत्तराला दादाजींपेक्षा त्या दुसऱ्या हसण्याचाच जास्त संताप आला होता.

कारण याच गणपतरावांनी तिला कॉलेजात घालताना सगळ्या मोहल्ल्याशी वैर घेतलं होतं. वडील वारले म्हणून त्यांचं स्वतःचं कॉलेज पहिल्याच वर्षी सुटलं. तेव्हापासून ते सरकारी कचेरीत कारकुनी करत होते. “माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान बी.ए. साहेबापुढे फाइल धरून उभं राहताना काय वाटतं, ते मलाच ठाऊक,” असं ते नेहमी म्हणत. तोच माणूस आज तिला टांग्यात घालून नाव काढायला घेऊन आला होता.

“काहून तमाशा करून राहिलीस?” गणपतराव दबक्या आवाजात म्हणाले.

“परीक्षा होऊ द्या, बाबा. मग वैशाखात करा लग्न. मी नाही म्हणते का? दोन महिन्यांत त्यांचं काय बिघडतं?”

“त्यांना माघातच पाहिजे.”

“पण काहून?”

“असते एखाद्या घराची अडचण. सगळंच काही मुलींना सांगायचं नसतं.” मग ते जरा नरमले. “शिकलेला माणूस आहे, बेटा. तुझी पुस्तकं तो काही चुलीत घालणार नाही. घरी बसून वाच.”

“एवढा शिकलेला, तर मला पाहायला स्वतः काहून नाही आला?”

गणपतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पुन्हा डोक्यावर घातली.

चार दिवस उत्तरा घरात कोणाशी धड बोलली नव्हती. आईनं समोर ठेवलेलं ताट तिनं तीनदा परत पाठवलं होतं. इथं रडायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं.

नत्थूजींना अवघडल्यासारखं झालं. “बाई, मनाले नोका लावून घेऊ. पोरीयचं नाव निघते तेव्हा मी हेच लिहितो. मागच्या साली दोघी गेल्या. दोघीयचं हेच.”

“आणि मुलांचं काय लिहिता?”

“त्यायचं अलग अलग राह्यते. कोणी नापास होते, कोणाचा बाप मरते, कोणी बिमार पडते. चळवळीत जेलात गेले, त्यायचं ‘गैरहजर’ लिहिलं.”

“लग्न झालं म्हणून कॉलेज सोडलेला एक तरी मुलगा आहे का तुमच्या वहीत? एक दाखवा. मग लिहा माझ्यापुढे काय लिहायचं ते.”

“उत्तरा, पुरे!” गणपतराव उठले. “नत्थूजी, तुम्ही लिहा हो. मला कचेरीत जायला उशीर होऊन राहिला.”

पण आपल्या वहीचा विषय निघाला की नत्थूजींना राहवत नसे. अठरा वर्षांतला एकूण एक विद्यार्थी त्यांनी तिथं स्वतःच्या हातानं उतरवला होता.

“हाये ना जी, एक हाये,” ते म्हणाले. त्यांनी कपाटातून जाडजूड वही काढली, तिच्यावरची धूळ झटकली आणि जिभेला बोट लावून पानं उलटू लागले. “इंटरले दोनदा नापास झाला होता. मंग बाप सोता आला. म्हने, पोराचं लगन करून टाकलं, आता शेती पाहील. हे पाहा. सन एकतीस.”

त्यांनी ओळीवर बोट ठेवलं आणि सावकाश वाचलं, “सुभेदार, गिरिधर दादाजी. राहणार मौदा. कारण, लग्न.”

उत्तरा वाकली. तिनं ती ओळ स्वतः वाचली. मग पुन्हा वाचली.

चार दिवसांचा राग क्षणात दुसरीकडे वळला. केवढा धूर्त म्हातारा! आणि आपले बाबा त्याच्यापुढे चहाचा कप घेऊन उभे होते. तिला त्यांची इतकी कणव आली, की तिनं त्यांचा हात घट्ट धरला.

“बाबा, फसवलं त्यांनी तुम्हाला!” ती ओरडली. “बी.ए. नाही तो. आणि त्याचं लग्न झालेलं आहे, बाबा! त्याला बायको आहे!”

गणपतरावांनी आधी दाराकडे पाहिलं.

“हळू बोल,” ते म्हणाले. “तिला नांदवत नाहीत ते आता.”