घोंगड्यासकट

बिरूआबांनी नुकत्याच जन्मलेल्या कोकराला घोंगड्यात गुंडाळलं आणि ते बोचकं ताणकाट्याला अडकवलं. काटा चार किलोवर थांबला तशी त्यांची मान ताठ झाली.

"गडी कसला दणकट हाय बघ," ते सुनेला, मायाक्काला म्हणाले. "ह्याला काय रोग शिवतोय? मेंढीचा पहिला चीक खरवसाला काढ, ह्यो मागनं पिईल." मेंढीची कास भरल्यापासून आबांच्या जिभेवर खरवसच घोळत होता.

मायाक्का भांडं आणायला उठलीच नाही. तिने कोकरू अलगद बाहेर काढलं आणि नुसतं घोंगडं काट्याला लावलं. काटा दोन किलोवर थांबला.

"आबा, निम्मा गडी घोंगडंच हाय. एवढ्याशा जिवाला आत्ता चीक नाय मिळाला, तर रोगाशी झुंजायला बळ कुठनं यायचं?"

आबा मेंढीपाशी बसले. त्यांनी लटपटणारं कोकरू स्वतःच कासेला लावलं. ते शेपूट हलवत चुटूचुटू पिऊ लागलं.

कोकराचं पोट भरल्यावर त्यांनी ते पुन्हा घोंगड्यासकट तोललं. काटा चारच्या जरासा पुढे गेला.

"वरचं जे दिसतंय ना," आबा काट्याकडे बोट दाखवत म्हणाले, "तो माझा खरवस."