मफलरचा चेहरा

“भुवई कापलेली होती का?” चित्रकाराने विचारलं.

समोरच्या व्यापाऱ्याने घाम पुसला. आदल्या दिवशी ‘मफलर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दरोडेखोराने आणि त्याच्या सात साथीदारांनी त्याचं गोदाम फोडून साखर भर रस्त्यात वाटून टाकली होती. रांगेत म्हणे हवालदाराची बायकोही होती.

“अहो, नाकापर्यंत मफलर, वर टोपी. भुवई कुठली दिसायला? पण तुम्ही म्हणताय तर असेल.”

“डावी?”

“असेल, डावीच असेल.”

चित्रकाराने डाव्या भुवईत खूण काढली. पोलीस कचेरीत त्याचं कामच ते. साक्षीदार सांगतील तसे चेहरे काढायचे आणि पत्रकावरची अक्षरं रंगवायची. साथीदारांचे चेहरे त्याने चहा निवायच्या आत उरकले. बुटक्याला आणि पैलवानाला तर एकच नाक दिलं. मफलरच्या चेहऱ्यावर मात्र तो दिवसच्या दिवस घालवायचा. दरवर्षी नवं चित्र निघायचं आणि दरवर्षी चेहरा वर्षाने मोठा व्हायचा. गावोगावच्या चौक्यांत तो लागायचा, आणि लोक तो गुपचूप सोडवून आपल्या घरात लावायचे.

बाहेर एक बाई नवरा हरवला म्हणून रडत होती.

“बाई, रोज माणसं जातात,” साहेब तिला म्हणाले. “कुणाकुणाला शोधणार?”

चित्रकार पेन्सिलीला टोक काढत राहिला.

चित्र आधी घरी जायचं. बायको शेंगा सोलता सोलता बघायची.

“गाल भरा जरा,” ती म्हणाली. मग म्हणाली, “नाहीतर राहू द्या. कोण घालतंय त्याला गरम दोन घास!”

“केस?”

“मागे सरले असतील आता.” तिने चित्र बराच वेळ हातात धरलं. “‘जिवंत’ ठळक लिहिलंय ना?”

“लिहिलंय गं.”

‘जिवंत पकडून देणाऱ्यास बक्षीस’, असं पत्रकावर असायचं. तो शब्द चित्रकारानेच साहेबांच्या गळी उतरवला होता. मेला तर लोक त्याला देव करतील, असं सांगून. बायकोला त्या शब्दाचा मोठा आधार वाटायचा. मफलर जिवंत राहावा असं गल्लीतल्या सगळ्याच बायकांना वाटत होतं म्हणा.

मग टोळीने साहेबांचीच जीप पळवली, बाजारात उभी केली आणि टपावर चढून तांदूळ वाटले. साहेबांची पार शोभा झाली.

“‘जिवंत’ खोडा,” ते म्हणाले. “दिसेल तिथे गोळी.”

“मग चेहरा बदलतो, साहेब. चुकलाय तो.”

“इतकी वर्षं बरोबर होता आणि आज चुकला? पेंटर, तुमचाही जीव जडलाय वाटतं त्या चोरावर!”

“हो,” चित्रकार म्हणाला.

साहेब खो खो हसले. जुनाच चेहरा छापून गेला. चित्रकाराने घरी काही सांगितलं नाही. पुढ्यात आलं ते जेवला. भीती वाटत होती, पण तीही दुसऱ्याच कुणाला वाटत असावी तशी. रोज कचेरीत जायचा, अक्षरं रंगवायचा, परत यायचा.

एका दुपारी साहेब उड्या मारतच त्याच्या टेबलाशी आले.

“पेंटर, मिळाला! बंदरावर हमाल बनून राहिला होता. चित्रावरून ओळखला पोरांनी. चला!”

खोली थंड होती. साहेबांनी चादर बाजूला केली आणि पत्रक चेहऱ्याशेजारी धरलं.

“बघा, भुवईसुद्धा! केससुद्धा मागे सरलेले. कमाल आहे बुवा तुमची. हुबेहूब!”

चित्रकार बघत राहिला. रडू येईल असं त्याला वाटलं, पण आलं नाही. गाल अगदीच बसले होते.

तेवढ्यात हवालदार धापा टाकत आत आला. “साहेब, मफलरने आत्ता आणखी एक गोदाम फोडलं! सातही जण बरोबर होते.”

साहेबांचा पत्रक धरलेला हात खाली आला. “मग हा कोण?”

“माझा मुलगा,” चादर सारखी करत चित्रकार म्हणाला. “हरवला तेव्हा मी तुमच्याकडेच आलो होतो, साहेब. तुम्ही म्हणालात, कुणाकुणाला शोधणार.”